विज्ञानकल्पनाश्रित देमारपट

वैज्ञानिक शोध, अद्‌भुत यंत्र किंवा परग्रह यांची कल्पना कथानकाच्या मुळाशी ठेवून प्रत्यक्षात कुस्ती, मुष्टियुद्ध, तलवारबाजी, कराटे यांसारख्या झुंजींवर व जोडीला प्रेमकथेवर उभारलेला, अल्प खर्चात तयार होणारा चित्रपटप्रकार. त्याला स्वतंत्र शास्त्रीय संज्ञा रूढ नाही. मुंबईच्या चित्रव्यवसायात अशा चित्रपटांना ‘स्टंटपट’ म्हणत. मराठी नियतकालिकांनी ‘देमारपट’ वा ‘मारधाडीचा चित्रपट’ हे शब्द रूढ केले व त्यांत काहीशी अवहेलनाही होती. भारतात या प्रकाराचे प्रमुख केंद्र मुंबई होते. चित्रपटांची भाषा बहुधा हिंदी असली, तरी ते घडविणाऱ्यांत मराठी, गुजराती व पारशी कलावंत आणि कारागीर यांचा वाटा मोठा होता.

लक्षणे : या प्रकारात विज्ञान हे बहुधा निमित्तमात्र असते. अदृश्य करणारे रसायन, अग्निबाण, यंत्रमानव किंवा परग्रहावरील राजा कथेत आला, की नेहमीच्या जगात न घडणारी झुंज घडविण्याची मुभा दिग्दर्शकास मिळते. मात्र त्या कल्पनेचे दृश्य रूप उभे करण्यास पैसा लागतो आणि अल्पखर्ची निर्मात्याजवळ नेमका तोच नसतो. म्हणून यंत्राची उणीव माणसाच्या शरीराने भरून काढली जाते. अग्निबाण पुठ्ठ्याचा चालतो. परंतु त्यातून उतरणारा मल्ल खरा असावा लागतो. या प्रकाराचा सर्व इतिहास या एका तडजोडीतून समजून घेता येतो. खर्चिक विज्ञानपटात यंत्र हे आकर्षण असते व नट त्याच्या सोबतीस असतो. येथे नटाचे शरीर हेच आकर्षण असून यंत्र त्याच्या सोबतीस असते.

अशी तडजोड अन्य देशांतही आढळते. अमेरिकेत ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९३६) ही परग्रहावरील झुंजींची तेरा भागांची चित्रमालिका लोकप्रिय झाली. हाँगकाँगमधील शॉ ब्रदर्स या संस्थेने ‘द सुपर इन्फ्रामॅन’ (१९७५) या चित्रपटात कुंग-फू आणि विज्ञानकल्पना यांची सांगड घातली. अमेरिकन दिग्दर्शक अल्बर्ट प्यून यांच्या ‘सायबॉर्ग’ (१९८९) या चित्रपटासाठी, रद्द झालेल्या दुसऱ्या दोन चित्रपटांकरिता तयार केलेले नेपथ्य व वेशभूषा वापरण्यात आली. शिल्लक साहित्यातून नवे जग उभे करण्याची ही रीत मुंबईच्या स्टुडिओंना त्यापूर्वी अर्धशतकापासून परिचित होती.

पूर्वपीठिका : भारतीय चित्रपटातील चमत्कृतिदृश्यांचा आरंभ पौराणिक चित्रपटांत झाला. दादासाहेब फाळके हे छायाचित्रण व मुद्रण यांचे जाणकार तर होतेच, शिवाय ते जादूचे प्रयोगही करीत. त्यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) व ‘कालिया मर्दन’ (१९१९) या मूकपटांतील अद्‌भुत दृश्ये एकाच फिल्मवर पुनःपुन्हा छायांकन करणे, कॅमेरा थांबवून वस्तू हलविणे अशा युक्तींनी साधलेली होती. पुढे विज्ञानाच्या नावाखाली पडद्यावर आलेले चमत्कार तांत्रिक दृष्ट्या याच युक्तींचे वंशज होत. देव अंतर्धान पावणे आणि रसायन पिऊन नायक अदृश्य होणे यांत छायालेखकाच्या लेखी फारसा भेद नव्हता.

झुंजींची परंपरा मूकपटांच्या काळातच सुरू झाली. १९२५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या शारदा फिल्म कंपनीच्या चित्रपटांत कोल्हापूरचे मास्टर विठ्ठल हे तलवारबाजी व उड्या यांमुळे लोकप्रिय झाले. डग्लस फेअरबँक्स या अमेरिकन नटाच्या साहसी भूमिकांचा प्रभाव त्या काळातील निर्मात्यांवर स्पष्ट दिसतो. विठ्ठल यांना ‘भारतीय डग्लस’ म्हणत, यावरूनही तो लक्षात येतो. १९३१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचे नायकही तेच होते.

वाडिया बंधूंचे स्टंटपट : जे. बी. एच्. वाडिया (१९०१–८६) व होमी वाडिया (१९११–२००४) या बंधूंनी या प्रकाराला व्यवसायाची शिस्त दिली. मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत जे. बी. एच्. वाडिया यांनी ‘तुफान मेल’ (१९३२) हा आगगाडीवरील साहसांचा चित्रपट काढला. १९३३ मध्ये या बंधूंनी ‘वाडिया मूव्हीटोन’ ही संस्था स्थापन केली. होमी वाडिया दिग्दर्शित ‘हंटरवाली’ (१९३५) या चित्रपटात मुखवटा घालून चाबूक चालविणाऱ्या राजकन्येची भूमिका नादिया (१९०८–९६) यांनी केली. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेल्या व मूळच्या मेरी एव्हान्स असलेल्या नादिया यांनी चित्रपटात येण्यापूर्वी सर्कशीत काम केले होते. धावत्या आगगाडीच्या टपावरील झुंज, पुरुषाला खांद्यावर उचलून फेकणे, धबधब्याजवळची उडी अशी दृश्ये त्या स्वतः करीत. ‘मिस फ्राँटियर मेल’ (१९३६) व ‘डायमंड क्वीन’ (१९४०) हे त्यांचे उल्लेखनीय चित्रपट.

वाडियांच्या चित्रपटांत विज्ञानकथा अशी नव्हती. परंतु यंत्राला पात्राचा दर्जा देण्याची कल्पना त्यांत आढळते. नायिकेच्या घोड्याला ‘पंजाब का बेटा’ असे नाव असे, तसेच तिच्या मोटारीला ‘रोल्स रॉइस की बेटी’ असे. आगगाडी, मोटार, तारायंत्र ही साधने कथानक पुढे नेत. जे. बी. एच्. वाडिया यांच्यावर एम्. एन्. रॉय यांच्या विचारांचा प्रभाव होता. त्यामुळे स्त्रीस्वातंत्र्य, साक्षरता व अन्यायाचा प्रतिकार हे विषय मारामारीच्या अधूनमधून येत. १९४२ नंतर होमी वाडिया यांनी ‘बसंत पिक्चर्स’ या स्वतंत्र संस्थेतर्फे ही परंपरा पुढे चालविली.

भगवान व गिरणगावचा प्रेक्षक : या परंपरेतील महत्त्वाचे मराठी नाव भगवान आबाजी पालव (१९१३–२००२) यांचे होय. त्यांचा जन्म अमरावतीचा. गिरणी कामगाराच्या कुटुंबात वाढलेल्या व व्यायामाची आवड असलेल्या भगवान यांनी मूकपटांत लहान भूमिकांपासून आरंभ केला. ‘बहादुर किसान’ (१९३८) या चित्रपटाच्या सहदिग्दर्शनानंतर १९४९ पर्यंत त्यांनी अल्पखर्ची स्टंटपटांची मालिकाच काढली. नायक, दिग्दर्शक व पुढे निर्माता अशी तिन्ही कामे ते एकट्याने करीत. खर्च आटोक्यात ठेवण्याचा तो सरळ मार्ग होता. त्यांचा प्रेक्षक मुख्यतः मुंबईचा कामगारवर्ग होता. या चित्रपटांपैकी काहींना संगीत देणारे सी. रामचंद्र यांनीच पुढे भगवान यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या संगीतप्रधान चित्रपटाच्या गाण्यांना चाली दिल्या.

या धंद्यातील धोक्याचे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. १९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी मारलेली थप्पड ललिता पवार यांना जोरात बसली. चेहऱ्याला पक्षाघात झाला व दीर्घ उपचारांनंतरही डाव्या डोळ्यातील दोष कायम राहिला. येवल्यात जन्मलेल्या व तोवर नायिकेच्या, साहसी भूमिकाही करणाऱ्या ललिता पवार यांना त्यानंतर चरित्रभूमिकांकडे वळावे लागले. तेथे त्यांनी मोठे यश मिळविले, ही गोष्ट वेगळी. नामवंत अभिनेत्रीची इजा इतिहासात नोंदली गेली; परंतु नायकाच्या जागी उडी मारणाऱ्या, घोड्यावरून पडणाऱ्या वा काचेतून जाणाऱ्या अनेक बदली कलावंतांची नावे श्रेयनामावलीतही आलेली नाहीत.

अदृश्य नायक : विज्ञानकल्पना स्टंटपटात स्थिरावली, ती मुख्यतः अदृश्य माणसाच्या रूपाने. एच्. जी. वेल्स यांच्या कादंबरीवरून काढलेला अमेरिकन चित्रपट ‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१९३३) मुंबईतील तंत्रज्ञांना आव्हानात्मक वाटला. त्याच कल्पनेवर विजय भट्ट यांनी ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) हा चित्रपट काढला. त्यातील चमत्कृतिदृश्ये सुरतेहून आलेल्या बाबूभाई मिस्त्री या तरुणाने तयार केली. वस्तूंना काळा धागा बांधून त्या काळ्या पार्श्वभूमीपुढे हलवावयाच्या, म्हणजे धागा पडद्यावर दिसत नाही व वस्तू आपोआप चालत असल्याचा भास होतो, ही त्यांची युक्ती होती. तीवरून त्यांना ‘काला धागा’ हे टोपणनाव मिळाले. अमेरिकन तंत्रज्ञांनी प्रयोगशाळेत, फिल्मवर अनेक वेळा छायांकन करून साधलेला परिणाम येथे बव्हंशी धाग्याच्या रिळाने साधला. पुढे बाबूभाई मिस्त्री हे पौराणिक चित्रपटांचे व स्टंटपटांचे दिग्दर्शक झाले.

अदृश्य नायकाची कल्पना निर्मात्यांना विशेष सोयीची होती. झुंजीत प्रतिस्पर्धी दिसला नाही तरी मार खाणारा दिसतो. म्हणजे निम्मे पात्र विनाखर्च मिळते. नानाभाई भट्ट दिग्दर्शित ‘मिस्टर एक्स’ (१९५७) व शांतिलाल सोनी दिग्दर्शित ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ (१९६४) हे या कल्पनेवरील प्रसिद्ध चित्रपट. दुसऱ्यात किशोरकुमार व कुमकुम यांची प्रेमकथा आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे संगीत ही प्रमुख आकर्षणे होती. ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) या मोठ्या खर्चाच्या चित्रपटात याच परंपरेचा विस्तार दिसतो.

चंद्रावरील कुस्ती : कृत्रिम उपग्रह (१९५७), युरी गागारिन यांचे अंतराळभ्रमण (१९६१) आणि केरळमधील थुंबा येथून झालेले भारतातील पहिले अग्निबाण-उड्डाण (२१ नोव्हेंबर १९६३) या घटनांनी अवकाशाविषयी सर्वसामान्यांत कुतूहल निर्माण झाले. १९६० नंतरच्या काही वर्षांत ‘रॉकेट टारझन’सारखी नावे चित्रपटांच्या जाहिरातींत झळकू लागली, त्यामागे हेच कुतूहल होते. तमिळमध्ये एम्. जी. रामचंद्रन यांची भूमिका असलेल्या ‘कलै अरसी’ (१९६३) या चित्रपटात परग्रहवासीयांनी नायिकेचे अपहरण केल्याची कथा आहे; तिची सुटका अर्थातच तलवारीने होते.

हिंदीत या प्रकाराचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे टी. पी. सुंदरम् दिग्दर्शित ‘चाँद पर चढाई’ (१९६७) होय. त्याचे नायक दारासिंग (१९२८–२०१२) हे मुळात व्यावसायिक मल्ल होते. १९५४ मध्ये त्यांनी ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब जिंकला होता व १९६८ मध्ये मुंबईत लू थेझ यांना हरवून ते जागतिक अजिंक्यवीर ठरले. बाबूभाई मिस्त्री यांच्या ‘किंग काँग’ (१९६२) या चित्रपटापासून ते नायक म्हणून पुढे आले व ‘फौलाद’ (१९६३) पासून मुमताझ यांच्याबरोबर त्यांची जोडी अनेक स्टंटपटांत जमली. ‘चाँद पर चढाई’मध्ये ते अंतराळवीर होऊन चंद्रावर जातात आणि तेथे विचित्र प्राणी व परग्रहावरील योद्धे यांच्याशी झुंजतात. पद्मा खन्ना व हेलन यांच्या भूमिका आणि उषा खन्ना यांचे संगीत यांमुळे प्रेमकथेची व नृत्याची बाजूही सांभाळली गेली. त्याच वर्षीच्या ‘वहाँ के लोग’ या चित्रपटात उडत्या तबकड्यांची कल्पना होती. प्रत्यक्ष मानव चंद्रावर उतरला, तो यानंतर दोन वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये.

शास्त्रीय दृष्टीने पाहता चंद्रावरील कुस्ती हा विषय चित्रपटात दाखविला त्याहून अधिक मनोरंजक आहे. चंद्रपृष्ठावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सु. एक षष्ठांश असल्याने प्रतिस्पर्ध्याला उचलून धरणे सहापटीने सोपे होईल. मात्र पायाखालचे घर्षणही त्याच प्रमाणात घटेल, म्हणून पाय रोवून उभे राहणे कठीण जाईल. वस्तुमान तेवढेच राहत असल्याने धावून येणाऱ्या मल्लाची धडक पृथ्वीइतकीच जोरदार बसेल आणि ती खाणारा मात्र दूरवर घसरत जाईल. कुस्तीच्या बहुतेक डावांचा आधार जमिनीवरील पकड हा असतो. चंद्रावर ते डाव नव्याने शिकावे लागतील. या गोष्टींचा उपयोग करून घेणारे दृश्य अल्प खर्चातही रचता आले असते; परंतु स्टंटपटांच्या कथाविभागात विज्ञानाच्या जाणकारास स्थान नव्हते.

कराटेचा प्रवेश : ब्रूस ली यांच्या ‘एंटर द ड्रॅगन’ (१९७३) या चित्रपटानंतर भारतीय देमारपटातील झुंजीचे स्वरूप पालटले. कुस्तीची पकड मागे पडून लाथेचा व हाताच्या कडेचा प्रहार पुढे आला. रविकांत नगाइच दिग्दर्शित ‘सुरक्षा’ (१९७९) व ‘वारदात’ (१९८१) या चित्रपटांत मिथुन चक्रवर्ती यांनी ‘गनमास्टर जी-९’ या गुप्तहेराची भूमिका केली; ‘वारदात’मध्ये पिकांचा नाश करणारे टोळ हे शास्त्रज्ञाच्या हातातील शस्त्र म्हणून येतात. नगाइच हे मुळात चमत्कृतिदृश्यांत निष्णात असे छायालेखक होते, ही बाब लक्षणीय आहे. मिस्त्री यांच्याप्रमाणे येथेही युक्तिकुशल तंत्रज्ञच दिग्दर्शक झालेला दिसतो. पुढे ‘क्रिश’ (२००६) या चित्रपटाच्या झुंजींसाठी हाँगकाँगचे चिंग सिउ-तुंग यांना पाचारण करण्यात आले. तोवर विज्ञान, झुंज व प्रेम यांचे हे मिश्रण अल्पखर्ची राहिले नव्हते.

तंत्र : या चित्रपटांतील प्रमुख युक्ती मोजक्याच आहेत. बोलपटाची फिल्म सेकंदास २४ चौकटी या वेगाने दाखविली जाते. झुंज १६ चौकटींच्या वेगाने चित्रित केली, तर ती पडद्यावर दीडपट वेगाने घडते. म्हणून सावकाश व सुरक्षितपणे मारलेला फटकाही विजेसारखा दिसतो. उंच भिंतीवर उडी घ्यावयाची असेल, तर भिंतीवरून खाली मारलेली उडी उलट्या क्रमाने दाखवितात. लहान प्रतिकृती मोठी भासावी म्हणून याउलट वेग वाढवावा लागतो. प्रतिकृती मूळ वस्तूच्या एक षोडशांश असेल, तर चौपट म्हणजे सेकंदास ९६ चौकटींचा वेग हवा. यात फिल्मही चौपट खर्च होते. ही काटकसर जेथे केली जाते, तेथे कोसळणारा मनोरा खेळण्यासारखा हलका दिसतो. स्वस्त चित्रपटातील अग्निबाण प्रेक्षकाला खोटा वाटतो, त्याचे एक कारण पुठ्ठा हे नसून हा वेग होय.

काटकसरीच्या अन्य रीतीही ठरलेल्या होत्या. एकाच नेपथ्याला रंग देऊन ते राजवाडा, गुहा व चंद्रलोक म्हणून वापरणे, पूर्वीच्या चित्रपटांतील पूर वा आगीची दृश्ये पुन्हा जोडणे, दिवसा चित्रण करून रात्रीचा आभास निर्माण करणे, या त्यांपैकी काही. झुंजीच्या दृश्यास लेखक लागत नाही आणि भाषेचा अडसरही येत नाही.

प्रेमकथेचे स्थान : देमारपटातील प्रेमकथा पुष्कळदा ठोकळेबाज असते, तथापि तिला निश्चित प्रयोजन होते. प्रेमप्रसंग गाण्यांतून सांगितला जाई आणि ध्वनिमुद्रिका चित्रपटाआधी गावोगाव पोहोचून त्याची जाहिरात करीत. दोन झुंजींमध्ये विसावा मिळे आणि पहिलवानी चित्रपटाकडे स्त्रीप्रेक्षकही वळे. विज्ञानकल्पनेमुळे या प्रेमकथेला एक नवी अडचणही लाभे. नायक अदृश्य असेल, तर नायिकेने त्याला ओळखावयाचे कसे, आणि परग्रहावरील राजकन्येचा विवाह पृथ्वीवरच्या माणसाशी व्हावा कसा, हे प्रश्न जात, धन व घराणे यांमुळे अडणाऱ्या नेहमीच्या प्रेमकथांचेच वेषांतर होते. प्रेक्षकाला तो आशय समजत असे.

वितरण व प्रेक्षकवर्ग : हे चित्रपट महानगरांतील पहिल्या प्रतीच्या चित्रपटगृहांसाठी नव्हते. भारतातील चित्रपटवितरण विभागवार चाले. त्यांपैकी विदर्भाचा अंतर्भाव असलेल्या विभागास जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या नावावरून ‘सी. पी. बेरार’ म्हणतात. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेने तो प्रांत उरला नाही. व्यवसायातील नाव मात्र टिकून राहिले. अमरावती हे या विभागातील वितरणाचे एक प्रमुख ठाणे. वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे नागपूर–अमरावती महामार्गावरील तालुक्याचे गाव याच विभागात मोडते (वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे गाव वेगळे). अशा लहान गावांच्या परिसरात चित्रपट पोहोचविण्याचे काम दीर्घ काळ टुरिंग टॉकीजने म्हणजे फिरत्या तंबूतील चित्रपटगृहाने केले. पिके हाती आल्यानंतरचा कोरडा हंगाम, आठवड्याचा बाजार व यात्रा हे त्याचे सुगीचे दिवस. प्रक्षेपक पुष्कळदा एकच असल्याने रीळ बदलताना खेळ थांबे. हजार फुटांचे रीळ सु. ११ मिनिटे चालते; म्हणून प्रत्येक रिळात एखादी झुंज वा गाणे असलेला चित्रपट तंबूवाल्यास सोयीचा पडे.

या प्रेक्षकाविषयी एक गैरसमज रूढ आहे. तो अशिक्षित असल्याने त्याला काहीही चालते, असे समजले जाई. वस्तुतः शारीरिक कौशल्याच्या बाबतीत तो जाणकार होता. विदर्भात आखाडे, यात्रांतील कुस्त्यांच्या दंगली, लाठी व मल्लखांब यांची परंपरा जुनी आहे. अमरावती येथे १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. ज्याने गावच्या दंगलीत धोबीपछाड पाहिला आहे, त्याला पडद्यावरील लटका डाव चटकन ओळखता येई. चंद्राविषयी त्याला माहिती नव्हती. ती त्या काळी फारच थोड्यांना होती. दारासिंग यांच्यासारख्या खऱ्या मल्लाला नायक करण्यात निर्मात्यांनी प्रेक्षकाच्या या जाणकारीचाच मान राखला होता.

टीका : सुशिक्षित समीक्षकांनी या प्रकाराची बहुधा उपेक्षा केली. हिंसेचे आकर्षण, स्त्रीपात्रांचे प्रदर्शन, परदेशी चित्रपटांचे अनुकरण व विज्ञानाविषयी पसरणारे गैरसमज हे त्यांचे आक्षेप निराधार नव्हते. शास्त्रज्ञ म्हणजे वेडा किंवा खलपुरुष व शोध म्हणजे संकट, असे समीकरण देमारपटांनी रुजविले. याच काळात मराठी साहित्यात वेगळे घडत होते. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. तिच्या विज्ञानकथास्पर्धेत १९७४ साली जयंत नारळीकर यांच्या, टोपणनावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेला पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा लाभली. या दोन धारा मात्र एकत्र आल्या नाहीत. विज्ञानकथेला शास्त्र मिळाले, पण तंबूतील प्रेक्षक मिळाला नाही. देमारपटाला प्रेक्षक मिळाला, पण शास्त्र मिळाले नाही. मराठी चित्रपटानेही मर्यादित बाजारपेठेमुळे हा विषय क्वचितच हाताळला. निखिल महाजन यांचा अतिमानवी नायकाविषयीचा ‘बाजी’ (२०१५) व सुजय डहाके यांचा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विज्ञानाश्रित प्रेमकथेचा ‘फुंतरू’ (२०१६) हे अलीकडील प्रयत्न उल्लेखनीय आहेत.

मालेगावचा सुपरमॅन : अल्पखर्ची परंपरेचे एकविसाव्या शतकातील सर्वांत बोलके उदाहरण नासिक जिल्ह्यातील मालेगाव येथे घडले. यंत्रमागांच्या या गावात व्हिडिओगृह चालविणाऱ्या शेख नासिर यांनी ‘मालेगांव के शोले’ (२०००) या विडंबनपटापासून स्थानिक चित्रनिर्मितीस आरंभ केला. त्यांच्या ‘मालेगांव का सुपरमॅन’ या चित्रपटाचा नायक शफीक शेख हा यंत्रमाग कामगार होता. अंगाने किरकोळ असा हा सुपरमॅन गावातील घाण व तंबाखूचा व्यापार यांविरुद्ध लढतो. त्याला उडविण्यासाठी हिरव्या पडद्यापुढे चित्रण करून मागचे दृश्य संगणकावर बदलले गेले. काळ्या धाग्याची जागा हिरव्या कापडाने घेतली, एवढाच फरक. या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट केला व त्याची जगभर वाखाणणी झाली. शफीक शेख यांचे २०११ मध्ये मुखाच्या कर्करोगाने निधन झाले. पडद्यावर ज्या तंबाखूशी ते लढले, तिचा विळखा यंत्रमागांच्या वस्तीत खराच होता. या मंडळींवर आधारलेला रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा कथापट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

जतन : या प्रकाराच्या अभ्यासातील मोठी अडचण म्हणजे चित्रपटच उपलब्ध नसणे. जुनी नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असे व काळाने कुजे. शिवाय फिल्मवरील चांदी काढून घेण्यासाठी निकामी प्रती विकल्या जात. प्रतिष्ठित चित्रपटांच्या प्रती जपल्या गेल्या; देमारपटांच्या प्रती तंबूतंबूतून फिरत झिजल्या व शेवटी मोडीत निघाल्या. खुद्द ‘आलम आरा’ची प्रत उरलेली नाही, तेथे भगवान यांच्या आरंभीच्या स्टंटपटांपैकी बहुतेक नाहीसे झाले यात नवल नाही. पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) आणि मुंबईतील फिल्म हेरिटेज फाउंडेशन (स्थापना २०१४) या संस्था चित्रपटांच्या जतनाचे कार्य करीत आहेत. वाडिया कुटुंबातील रियाद विंची वाडिया यांनी १९९३ मध्ये नादियांवर केलेल्या माहितीपटामुळे स्टंटपटांकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष वेधले. चित्रपटांच्या प्रतींइतकीच त्यांच्या कारागिरीची नोंदही आवश्यक आहे. धागा कसा बांधावा, कॅमेऱ्याचा वेग किती ठेवावा व उंचावरून पडताना अंग कसे सोडावे, हे ज्ञान पुस्तकांत उतरले नाही. ते एकाने दुसऱ्यास प्रत्यक्ष दाखवून दिले. ते जाणणारी पिढी आता थोडी उरली आहे.